अम्मींच्या पायावरची पट्टी आणि गुऱ्हाळातली भेंडी

गेल्या हिवाळ्यात आमच्या अम्मींच्या पायाला, अंगठ्याच्या खाली, जखम झाली. चपलेत खडा अडकला होता. तो दिवसभर टोचत राहिला, पण बारा-तेरा वर्षांच्या मधुमेहाने तळव्याची जाणीवच गेलेली, त्यामुळे त्यांना काही कळले नाही. रात्री चादरीवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा घरात धावपळ उडाली. उंब्रजहून कराड जवळच. तिथल्या डॉक्टरांनी जखम साफ केली, औषधे दिली आणि ड्रेसिंगसाठी एका सिस्टरांना घरी यायला सांगितले. सिस्टरांनी जखमेत कापसासारखी मऊ, पांढरी पट्टी भरली आणि वरून बँडेज बांधले.

दोन दिवसांनी बँडेज सोडले आणि आम्ही सगळेच गप्प झालो. पांढरी पट्टी नाहीशी झाली होती. तिच्या जागी पिवळसर, बुळबुळीत, जेलीसारखा गोळा होता आणि त्याला थोडा वासही येत होता. शेजारपाजारी, नात्यागोत्यात मधुमेहाने पाय गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. जखम सडली, हाच विचार प्रत्येकाच्या मनात आला. सून तर पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. अम्मी मात्र शांतपणे त्या गोळ्याकडे पाहत होत्या. त्यांनी दुसराच प्रश्न विचारला, "बेटा, ये कायकी चीज है? जिलेटीन तो नै ना?"

सिस्टर हसल्या. "घाबरू नका आजी. हा पू नाही. आणि हे जनावराचंही नाही, समुद्रातल्या शेवाळाची पट्टी आहे. जखमेचं पाणी पिऊन तिची अशी जेली होते." त्यांनी सलाइनच्या पाण्याने जखम धुतली. गोळा अलगद निघून आला, अम्मींना ओढ बसली नाही आणि खाली गुलाबी मांस दिसले. आमचा जीव भांड्यात पडला.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. कोरड्या कापसाची जेली कशी होते? आणि अम्मींनी विचारले ते जिलेटीन आणि ही जेली यांत फरक काय? पुण्याला फूड टेक्नॉलॉजी शिकणारी आमची पुतणी सुट्टीला आली, तेव्हा तिला आम्ही धरून बसवले. तिने जे सांगितले त्यातले निम्मे आमच्या स्वयंपाकघरात आणि गावच्या गुऱ्हाळात आधीपासूनच चालू होते. फक्त त्याचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते.

जाळे आणि गाठी

कुठलीही जेली म्हणजे पाणी धरून ठेवणारे जाळे. शेवाळ, फळे, भेंडी, दूध, अंडी, हाडे-कातडी, या सगळ्यांत फार लांब साखळ्यांचे पदार्थ असतात. साखळ्या पाण्यात सुट्या पोहत असतील तर ते पाणी नुसते दाट किंवा बुळबुळीत होते. त्या एकमेकींना जागोजागी बांधल्या गेल्या की जाळे तयार होते, पाणी त्यात अडकते आणि चमच्याने कापता येईल अशी जेली होते.

मग गाठी कोण बांधते? इथे क्षार येतात. चुना, मीठ, सोडा यांत धातू असतात: चुन्यात कॅल्शियम, मिठात आणि सोड्यात सोडियम. शेवाळाच्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, धातूच्या कणांवर धन. सोडियमला जणू एकच हात. तो एका साखळीला धरतो आणि तिथेच थांबतो. कॅल्शियमला दोन हात. तो एका हाताने एक साखळी आणि दुसऱ्या हाताने दुसरी धरतो. गाठ पडली!

तपकिरी समुद्री शेवाळात अल्जिनेट नावाचा असा पदार्थ असतो. आपल्या कोकणात रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर सापडणारे सरगॅसम हे शेवाळ त्याच जातीचे. १८८१ साली एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने तो शेवाळातून वेगळा काढला. अल्जिनेटच्या साखळ्या नागमोडी असतात. दोन साखळ्या समोरासमोर आल्या की मधे खळगे तयार होतात आणि कॅल्शियमचे कण त्यांत बरोबर बसतात, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे. शास्त्रज्ञांनीही १९७३ मध्ये ही रचना मांडताना अंड्यांच्या खोक्याचीच उपमा दिली. गंमत म्हणजे मॅग्नेशियमलाही दोन हात असतात, पण त्या खळग्यांत ते नीट बसत नाही, म्हणून त्याच्याने अल्जिनेटची चांगली जेली होत नाही. नुसते दोन हात असून भागत नाही, मापही जुळावे लागते.

अम्मींच्या पायावरची पट्टी कॅल्शियम अल्जिनेटच्या धाग्यांची होती. कोरडी असताना गाठी घट्ट. जखमेतून येणाऱ्या पाण्यात सोडियम भरपूर असते. ते पट्टीत शिरते आणि कॅल्शियमची जागा घेते. गाठी सैल होतात, धागे पाणी पिऊन फुगतात आणि मऊ जेली होते. ही जेली जखम ओलसर ठेवते, जादा पाणी शोषते आणि काढताना नव्या मांसाला चिकटत नाही. आम्हाला जे सडणे वाटले, ते पट्टीचे काम होते.

हे तर आम्ही पाहिलेले आहे

उंब्रज म्हणजे कृष्णा आणि तारळी यांचा संगम, आणि चारी बाजूंना ऊस. थंडीत गुऱ्हाळे सुरू झाली की संध्याकाळी गावभर गोड वास सुटतो. लहानपणी आम्ही काकवीसाठी भांडे घेऊन तिथे जात असू. मोठ्या काहिलीत रस तापत असायचा. गुळव्या त्यात थोडी चुन्याची निवळी घालायचा आणि भेंडीची झाडे ठेचून, पाण्यात कुस्करून काढलेला चिकट रस ओतायचा. थोड्याच वेळात काहिलीवर काळपट फेसाचा जाड थर यायचा. ती मळी. झाऱ्याने ती काढत राहिले की खालचा रस सोन्यासारखा स्वच्छ दिसू लागे.

पुतणी म्हणाली, "चाची, हेच ते." भेंडीचा बुळबुळीतपणा म्हणजे पाण्यात सुट्या पोहणाऱ्या लांब साखळ्या. चुना रसाचा आंबटपणा मारतो आणि आपले कॅल्शियमही देतो. रस तापतो तशा साखळ्या आणि कॅल्शियम मिळून रसातला बारीक गाळ गोळा करतात. उकळीचे बुडबुडे त्या गोळ्याला वर उचलतात. मळी म्हणजे क्षार, साखळ्या आणि हवा यांचा फेस. चुना कमी पडला तर रस नीट स्वच्छ होत नाही, जास्त झाला तर गूळ काळपट होतो. शाळेचे तोंड न पाहिलेला गुळव्या हे प्रमाण नजरेने ओळखायचा.

दुसरे उदाहरण बोअरच्या पाण्याचे. आपल्याकडे काळ्या खडकातले पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. त्या पाण्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी दाणा दाणा वेगळा राहतो. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, जड पाण्यातले कॅल्शियम त्याच्या गाठी आणखी घट्ट करते. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ गळते, कारण सोड्याने पेक्टिन सुटे होते. पण सोड्याने डाळीतले ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून त्याची सवय नको. त्यापेक्षा हलके पाणी वापरावे. राजमा, छोले रात्री थोडे मीठ घातलेल्या पाण्यात भिजवले तरी साल मऊ होते. मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियमला हुसकावते.

आणि कोहळ्याचा पेठा? फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात, मग स्वच्छ धुऊन पाकात शिजवतात. पाकात उकळूनही फोड विरघळत नाही, दाताखाली कुरकुरते. तिथेही कॅल्शियमने पेक्टिनला गाठी मारलेल्या असतात. म्हणजे एकच कॅल्शियम डाळीत आपला वैरी आणि पेठ्यात आपला मित्र.

अम्मींचा प्रश्न

आता जिलेटीनकडे येऊ. जिलेटीन जनावरांच्या कातडी-हाडांतून मिळते. डुकराचे असते, गुरांचे असते, माशांचेही असते. पाकिटावर बहुतेक वेळा एवढा तपशील नसतो. प्रक्रियेत पदार्थ इतका बदलतो की त्याचा हुकूमही बदलतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्यात शिरण्याची आमची योग्यता नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या मौलानांना विचारावे. औषधाच्या कॅप्सूलचे कवचही अनेकदा जिलेटीनचे असते. पण शंका आली म्हणून औषध परस्पर बंद करू नये. डॉक्टरांशी बोलावे, वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात.

आमच्यासारख्या अनेक घरांनी जिलेटीन सोडले आहे. पण त्याच्या जागी आणलेली पावडर त्याच कृतीत घातली आणि पदार्थ फसला, अशी तक्रार आम्ही बऱ्याच बहिणींकडून ऐकतो. कारण साधे आहे. जिलेटीन गार केले की आपोआप गोठते. त्याच्या जागी येणाऱ्या प्रत्येक पदार्थाची गाठ बांधण्याची रीत मात्र निराळी असते.

चायना ग्रास, म्हणजे आगर, लाल शेवाळापासून होते. त्याला क्षार लागत नाही. ते उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवावे लागते, आणि साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान गोठते. एकदा गोठले की ८५ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणून मे महिन्यातल्या दावतीतही चायना ग्रासची खीर-जेली ताटात उभी राहते, जिलेटीनची मात्र ३०-३५ अंशांनाच पाणी होते. एक लिटर दुधाला १० ग्रॅम चायना ग्रास पुरते. आधी पाण्यात भिजवून, उकळून पूर्ण विरघळवावे आणि गरम दुधातच ओतावे. थंड दुधात ओतले की लगेच गुठळ्या होतात. लिंबू घालायचे तर शेवटी, कारण आंबटात उकळले की साखळ्या तुटतात.

या चायना ग्रासची एक गोष्ट आमच्या अम्मींना फार आवडली. १८८१ साली जर्मनीत वॉल्थर हेसे नावाचे डॉक्टर रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतूंवर काम करत होते. जंतू वाढवण्यासाठी ते जिलेटीन वापरत, पण उन्हाळ्यात ते वितळे आणि काही जंतू तर तेच खाऊन पातळ करत. वैतागून त्यांनी पत्नीला, फॅनीला विचारले, तुझ्या जेल्या उन्हाळ्यातही कशा टिकतात? तिने आगरचे नाव सांगितले. जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती ते शिकली होती. पुढच्याच वर्षी कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, त्या लेखात आगरचा उल्लेख होता. आज जगभरच्या लॅबमध्ये थुंकी-लघवीची जंतुतपासणी आगरच्या थाळ्यांवर होते. हे एका गृहिणीच्या चुलीवरचे ज्ञान.

कॅराजीनन हेही लाल शेवाळाचे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बायकांचे बचत गट अशा शेवाळाची शेती करतात. त्याच्या एका प्रकाराला पोटॅशियमचे क्षार मिळाले की कडक जेली होते, दुसऱ्याला कॅल्शियम मिळाले की लवचीक होते. दुधातल्या प्रथिनांशी त्याचे चांगले जमते, म्हणून आइस्क्रीम आणि चॉकलेट दुधात ते अगदी थोडे घातलेले असते.

पेक्टिन फळांतून येते. पेरूत ते भरपूर असते. नेहमीच्या पेक्टिनला गोठायला पुष्कळ साखर आणि आंबटपणा लागतो. पण कमी साखरेच्या जॅमसाठी मिळणाऱ्या वेगळ्या पेक्टिनला साखरेऐवजी कॅल्शियम लागते. मधुमेह असलेल्या घरांनी हा फरक ध्यानात ठेवावा. मात्र फळाची स्वतःची साखर असतेच, तेव्हा कमी साखरेचा जॅमही मोजूनच खावा.

आणि अल्जिनेटला कॅल्शियम लागते, हे आपण पट्टीत पाहिलेच.

पाकीट वाचताना काही आकडे उपयोगी पडतात. अल्जिनेट ४०१, आगर ४०६, कॅराजीनन ४०७, पेक्टिन ४४०. जिलेटीन बहुधा नावानेच लिहिलेले असते, कधी ४२८ किंवा ४४१ या आकड्याने. भारतात दूध-मध सोडून इतर प्राणिजन्य घटक असलेल्या पदार्थावर तपकिरी खूण लागते. म्हणून हिरवी खूण असलेल्या जेलीत जिलेटीन नसायला हवे.

इफ्तारचे मोती

पुतणीने जाण्याआधी मुलांना एक प्रयोग करून दाखवला. खाण्यासाठीचेच सोडियम अल्जिनेट २ ग्रॅम घेतले आणि २०० मिलिलिटर पाण्यात घालून ढवळले. पहिल्यांदा फसले. पावडरीच्या गाठीच गाठी झाल्या. आमच्या सुनेने सवयीने नळाचे, म्हणजे बोअरचे पाणी दिले होते! पाण्यातल्या कॅल्शियमने आधीच गाठी मारून टाकल्या. दुसऱ्यांदा फिल्टरचे पाणी घेतले, तेव्हा दाट, एकसारखे द्रावण झाले. ढवळताना त्यात हवेचे बुडबुडे अडकले होते, म्हणून ते दोन-तीन तास तसेच ठेवले. मग त्यात साखर आणि भिजवलेले केशर घातले. दूध घातले नाही, कारण दुधातच कॅल्शियम असते, आणि लिंबूही नाही, कारण फार आंबटात अल्जिनेट फाटते.

दुसऱ्या भांड्यात २०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट विरघळवले. चमच्याने केशरी थेंब सोडले की प्रत्येक थेंबाचा मोती! दोन-तीन मिनिटांनी गाळून, धुऊन ते फालुद्यावर घातले. मुलांनी इफ्तारपर्यंत कसाबसा धीर धरला.

काही मोती पुतणीने मुद्दाम बाजूला ठेवले. एका वाटीत साधे पाणी, दुसऱ्या वाटीत चमचाभर मीठ घातलेले पाणी. सकाळी साध्या पाण्यातले मोती होते तसेच होते. मिठाच्या पाण्यातले मऊ, ढिले झाले होते. तिने ती वाटी अम्मींच्या हातात दिली. "दादी, तुमच्या पायावर हेच झालं होतं." अम्मींनी एक मोती बोटांत चुरून पाहिला आणि मान हलवली. आमच्या कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा त्यांना ते नीट पटले.

सब्जाचेही असेच आहे. त्याच्याभोवतीचा बुळबुळीत थर क्षारांच्या पाण्यात कमी फुगतो. म्हणून सब्जा आधी साध्या, हलक्या पाण्यात भिजवावा, मग मीठ-लिंबाच्या सरबतात घालावा.

पोटातला तरंगता फेस

रमजानमध्ये तळलेले, मसालेदार खाऊन लगेच आडवे झाले की छातीत जळजळ होते. त्यासाठी मिळणाऱ्या काही पातळ औषधांत हेच अल्जिनेट असते, सोबत खायचा सोडा आणि कॅल्शियमचा क्षार. पोटातल्या आम्लात गेल्यावर अल्जिनेटची जेली होते, सोड्यातून वायू सुटतो आणि जेलीत अडकतो, कॅल्शियम तिला बळकटी देते. असा फेसाचा तराफा पोटातल्या अन्नावर तरंगतो आणि आम्ल वर येऊ देत नाही. गुऱ्हाळातली मळी तरंगते तसाच. पण या औषधांत सोडियम बरेच असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

ईदच्या केकसाठी अंड्याचा पांढरा भाग फेटतानाही क्षारांचा हात असतो. सुरुवातीलाच मीठ घातले तर फेस उशिरा येतो आणि कमी टिकतो. उलट तांब्याच्या भांड्यात फेटलेला फेस जास्त टिकतो, कारण तांब्याचे सूक्ष्म कण अंड्यातल्या एका प्रथिनाला धरून बसतात. १९८४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात यावर लेख आला होता. मात्र बिनकलईच्या तांब्यात आंबट पदार्थ कधीही करू नये.

शेवटी पायाविषयी

अम्मींची जखम भरायला अडीच महिने लागले. पट्टीने मदत केली, पण एकट्या पट्टीने काही होत नाही. साखर ताब्यात आणली, त्या पायावर भार दिला नाही, डॉक्टरांनी सांगितलेली औषधे वेळेवर घेतली. ही पट्टी भरपूर पाझरणाऱ्या जखमेसाठी असते, कोरड्या जखमेला चालत नाही. कुठली पट्टी लावायची ते डॉक्टरांनी ठरवावे. आणि स्वयंपाकघरातली अल्जिनेटची पावडर, चुना किंवा मीठ जखमेवर कोणीही टाकू नये, ही आमची हात जोडून विनंती.

त्या दिवसांत वुजू करताना अम्मी बँडेजवरून ओल्या हाताने मसह करत, पाणी आत जाऊ देत नसत. आता जखम भरली आहे आणि घरात एक नवी रीत सुरू झाली आहे. वुजूला पाय धुतले की अम्मी खुर्चीवर बसतात आणि नात हातात आरसा धरून त्यांचा तळवा पाहते. बोटांच्या मधली जागा कोरडी करते आणि चपला झटकून पुढे ठेवते.

दिवसातून पाच वेळा आपण पाय धुतो. मधुमेह असलेल्या प्रत्येक घरात त्यातल्या एका वेळी तरी तळवा पाहिला जावा. आमच्या घरी ते पाहायला एक खडा आणि अडीच महिने लागले.